पकड कीं दांडगाई?

गेल्या आठ-दहा वर्षांपासून आमच्या धाराशिवच्या घरीं रात्रीं आठच्या सुमारास एक दरबार भरूं लागला आहे. ज्या ओसरीवर बसून मी पूर्वीं मुलांच्या वह्या तपाशीत असें, तेथेंच आतां टी. व्ही.चा पडदा भिंतीस लावलेला आहे; आणि प्रो कबड्डी लीगचा हंगाम सुरू झाला म्हणजे शेजारपाजारची सात-आठ मंडळी जेवणें लवकर उरकून त्यासमोर येऊन बसतात. सामना चाळीस मिनिटांचा असतो. त्यावरील वादविवाद मात्र दीड तास चालतो, आणि कांहीं वेळां दुसऱ्या दिवशीं सकाळीं भाजी आणतांनाहि तो पुढें चालू राहतो.

वादाचे विषय दोनच. अमक्यानें तमक्याला जें धरिलें तें नियमास धरून होतें कीं ती शुद्ध दांडगाई होती, हा पहिला. आणि आपला संघ बाद फेरींत पोंचणार कीं नाहीं, हा दुसरा. मी मॅट्रिक होऊन मास्तरकींत शिरलेला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. लीगमधील खेळाचें सारें शास्त्र मला अवगत आहे असा माझा दावा नाहीं. परंतु शाळाशाळांच्या सामन्यांत मीं वीस-बावीस वर्षें शिट्टी वाजविली आहे, म्हणून मंडळी मला मध्यस्थ नेमतात. आणि निकाल आपल्याविरुद्ध गेला कीं, “गुरुजींचा काळ निराळा होता,” असें म्हणून मोकळी होतात.

धाराशिव जिल्ह्याचा स्वतःचा असा संघ या लीगमध्यें नाहीं, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. बारा संघांपैकीं महाराष्ट्राचे दोन. पुण्याची पुणेरी पलटण आणि मुंबईचा यू मुंबा. मग परंड्याच्या अथवा उमरग्याच्या माणसानें जीव कोणावर टाकावा? माझें निरीक्षण असें कीं, ज्याचा मुलगा चाकणच्या कारखान्यांत तो पलटणीचा, आणि ज्याची मुलगी ठाण्यास दिलेली तो मुंबाचा. आमचे बँकेंतून निवृत्त झालेले शेजारी पहिल्या पक्षाचे. समोरच्या औषधांच्या दुकानाचे मालक दुसऱ्या पक्षाचे. दोघेहि एरवीं इतके सौम्य कीं, रिक्षावाल्याशीं भाडें ठरवितांनाहि त्यांचा आवाज चढत नाहीं. तिसरा पक्ष माझ्या नातीचा. ती खो-खो खेळते. सारिका काळे हिच्यासारखी भारताची कर्णधार, जिला २०२० सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला, ती ज्या जिल्ह्यानें दिली, तेथील लोकांनीं पुण्या-मुंबईच्या कबड्डीवरून भांडावें याचेंच तिला हंसूं येतें. “आमच्या खेळांत नुसतें शिवतात, आजोबा, कोणी कोणाला आपटीत नाहीं,” असें ती म्हणते. तें खरें आहे. पण कबड्डी हा जसा शिवण्याचा तसाच धरण्याचाहि खेळ आहे, आणि धरणें आलें कीं कोठवर धरावें हा प्रश्न आलाच.

आमच्या वडिलांच्या पिढींत याला हुतूतू म्हणत. संजीवनी, गमिमी आणि अमर असे त्याचे तीन प्रकार असत. आज आपण जो खेळ पाहतों तो संजीवनीचा वंशज. प्रतिपक्षाचा गडी मारिला कीं आपला मेलेला गडी जिवंत होऊन मैदानांत येतो. गांवोगांवच्या निरनिराळ्या रीति एका नियमांत बांधण्याचें काम पुष्कळसें मराठी माणसांच्याच हातून झालें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें त्यांत पुढाकार घेतला. १९२३ सालीं बडोद्यास हिंदविजय जिमखान्यानें मोठे सामने भरविले. आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनीं परक्या लोकांना हा खेळ करून दाखविला. पुढें शंकरराव, म्हणजे सर्वांचे बुवा साळवी, यांनीं तर सारें आयुष्यच या खेळास वाहिलें.

या खेळाचे नियम वाचण्यासारखे आहेत. जिंकावें कसें, हें त्यांत थोडक्यांत आटोपलें आहे. काय करूं नये याची यादी मात्र लांबलचक आहे. चढाई करणाऱ्याचें तोंड दाबून त्याचा दम मोडूं नये. गळा आवळूं नये. केंस अथवा कपडे धरूं नयेत. धरावयाचें तर धड किंवा हातपाय धरावेत. दोन पायांची कात्री घालून त्यास पाडूं नये. इजा होईल अशा रीतीनें अंगावर आदळूं नये. अंगास तेल लावून मैदानांत उतरूं नये आणि नखें कापलेलीं असावींत, हेंहि त्यांत आहे. ज्यांनीं हे नियम लिहिले त्यांनीं जत्रेंतले सामने जवळून पाहिलेले असले पाहिजेत. एरवीं तेलाची गोष्ट त्यांच्या ध्यानींमनीं आली नसती.

नियम इतके स्पष्ट असतांना वाद कां व्हावा? याचें उत्तर मला आमच्या ओसरीवरच मिळालें, आणि तें एका इराणी खेळाडूमुळें.

फझल अत्राचली हें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. डावा कोपरा राखणारा हा गडी घोटा असा पकडतो कीं, चढाईवाल्यास पाय आपला आहे कीं नाहीं याचा संशय यावा. २०१८ सालीं तो यू मुंबाचा कर्णधार होता. त्या वेळीं त्याची प्रत्येक पकड ही आमच्या बँकवाल्या शेजाऱ्यांच्या मतें “रानटीपणा” होता आणि औषधवाल्यांच्या मतें “विद्या” होती. २०२२ सालीं फझल पुणेरी पलटणीचा कर्णधार झाला. माणूस तोच, कोपरा तोच, घोटाहि तसाच धरी; परंतु ओसरीवरील शब्द मात्र एका रात्रींत घरें बदलून बसले. विद्या बँकेकडे गेली आणि रानटीपणा औषधांच्या दुकानांत आला. पुढच्या वर्षीं हांगझोच्या आशियाई क्रीडासामन्यांत तो इराणकडून भारताविरुद्ध उतरला, तेव्हां दोघांचेंहि एकमत होऊन तो पुन्हां रानटी ठरला. फझलच्या खेळांत यामधें कांहींच फरक पडला नव्हता, हें मीं बोलून दाखविलें. कोणीं लक्ष दिलें नाहीं.

हांगझोचा तो अंतिम सामना, ७ ऑक्टोबर २०२३ चा, आपणांस आठवत असेल. दोन्ही बाजूंचे गुण सारखे, वेळ संपत आलेली, आणि आपला कर्णधार पवन सेहरावत चढाईस गेला. कोणासहि न शिवतां तो कडेच्या राखीव पट्ट्यांत शिरला, आणि त्याच्या मागोमाग इराणचे गडीहि शिरले. जुना नियम पाहिला तर शिवाशीव न होतां जो जो त्या पट्ट्यांत गेला तो तो बाद; नवा नियम पाहिला तर एकटा चढाईवाला बाद. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या परीक्षेस लागाव्यात तसें झालें. पंचांनीं एकदां इकडे, एकदां तिकडे निर्णय दिला. दोन्ही संघ मैदानावर बसकण मारून बसले. जवळजवळ तासभर खेळ थांबला. अखेर निकाल आपल्या बाजूस लागला आणि भारतानें ३३-२९ असें सुवर्णपदक जिंकलें. ओसरीवर पेढे वांटण्यांत आले, मींहि खाल्ला. खातांना मनांत आलें कीं, तीच चढाई इराणच्या गड्यानें केली असती आणि तोच निर्णय लागला असता, तर आज आम्ही कोणत्या नियमाचें पुस्तक हातांत घेतलें असतें? पण पेढा तोंडांत असतांना असले प्रश्न विचारूं नयेत, एवढें शहाणपण निवृत्त माणसास आलेलें असतें.

आतां दुसऱ्या विषयाकडे, म्हणजे बाद फेरीच्या गणिताकडे वळतों. या विषयांत मात्र मी मंडळींचा निर्विवाद गुरु आहें, कारण बेरीज-वजाबाकी शिकविण्यांतच माझा जन्म गेला. २०२३-२४ च्या दहाव्या हंगामांत प्रत्येक संघास २२ सामने होते. विजयास ५ गुण, बरोबरीस ३, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकानें हरणाऱ्यास १. पुणेरी पलटणीनें १७ सामने जिंकले, ३ बरोबरींत सोडविले आणि अवघे २ गमावले. सतरा पंचे पंच्याऐंशी, तीन त्रिक नऊ, आणि हरलेल्या दोहोंचा एकेक, मिळून ९६. त्या गुणांवर पलटण तक्त्यांत पहिली आली, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून तिनें प्रथमच विजेतेपद मिळविलें. कर्णधार अस्लम इनामदार हा आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतला, त्यामुळें आनंदास थोडी आपुलकीचीहि जोड होती.

हरणाऱ्यास मिळणाऱ्या त्या एका गुणावर माझें फार प्रेम होतें. दांडगाई आणि बाद फेरी यांची गांठ तेथेंच पडे. पंच पहिल्यांदा हिरवें कार्ड दाखवून समज देतात. पिवळें दाखविलें म्हणजे गडी दोन मिनिटें बाहेर बसतो. तांबडें दाखविलें म्हणजे त्या सामन्यापुरता त्याचा कारभार आटोपला. आतां समजा, आपला संघ पांच गुणांनीं मागें आहे, दोन मिनिटें उरलीं आहेत आणि मैदानांत गडी तीनच आहेत. सामना गेला तरी एक गुण पदरांत आहे. इतक्यांत कोपऱ्यांतल्या गड्यानें चिडून कोणास विनाकारण आपटलें. पिवळें कार्ड निघालें, उरलेले दोघे पटकन मारले गेले, लोण चढला, त्याचे जादा दोन गुण गेले, आणि पांचाचे नऊ झाले. पदरांतला एक गुण हातोहात गेला. हंगामाच्या शेवटीं सहावा संघ बाद फेरींत जाई आणि सातवा घरीं येई. त्या दोघांमधें कधीं कधीं तेवढेंच अंतर असे. हा हिशेब मीं फळ्यावर मांडावा तसा मांडून दाखविला, तेव्हां औषधवाले म्हणाले, “गुरुजी, हा तर नापासाला उत्तेजनार्थ गुण झाला!” त्यांच्या तोंडून निघालेला हा एकच विनोद मला मनापासून आवडला.

लीगच्या चालकांसहि तो गुण नकोसा झाला असावा. २०२५ च्या बाराव्या हंगामांत विजयास २ गुण आणि पराभवास शून्य, असा रोखठोक व्यवहार झाला. प्रेक्षकांस तो सोपा वाटतो. मला मात्र वाटतें कीं, हरत असतांनाहि नीट खेळत राहण्याचें जें एक रोकड कारण होतें तें त्यामुळें गेलें. असो. मधल्या २०२४ च्या हंगामांत पलटणीचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. इनामदार दुखापतीमुळें हंगामाच्या मध्यावर बाहेर पडला, आणि आदल्या वर्षीचा विजेता संघ बाद फेरींत पोंचलाच नाहीं. मातीवर पाय घसरतो आणि माणूस सुटतो, मॅटवर बूट रुततो आणि गुडघा पिळतो, असें जुने खेळाडू म्हणतात. दुखापतीस कोणाची दांडगाईच कारण असावी लागते असें नाहीं. पण बँकवाले शेजारी त्या वर्षभर कोणत्याहि संघाच्या कोणत्याहि गड्यानें गुडघ्याकडे हात नेला कीं “धरा, धरा, त्याला कार्ड दाखवा!” असें ओरडत असत.

हा रोग आपल्याकडेच आहे असें नाहीं. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत असतो. मागें तो सुटीवर आला असतां आमच्या ओसरीवर बसला, आणि म्हणाला कीं, तिकडे त्यांच्या फुटबॉलवरून, म्हणजे जो पायापेक्षां हातानेंच अधिक खेळतात त्या अंडाकृति चेंडूच्या खेळावरून, अगदीं असेच तंटे चालतात. त्या खेळांत एके काळीं तरुण मुलें मैदानावर दगावत असत. १९०५ सालीं हा प्रकार इतका वाढला कीं, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं विद्यापीठांच्या माणसांना आपल्या घरीं बोलावून कान उघाडणी केली, आणि दुसऱ्या वर्षीं चेंडू पुढें फेंकण्याची मुभा देऊन गर्दीची रेटारेटी कमी करण्यांत आली. पण त्यानें सांगितलेली दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक होती. न्यू ऑर्लीन्सच्या सेंट्स नांवाच्या संघांत २००९ पासून तीन हंगाम एक गुप्त थैली चालत असे. प्रतिस्पर्धी खेळाडू जायबंदी होऊन बाहेर गेला कीं त्या थैलींतून बक्षीस! २०१२ सालीं हें उघडकीस आलें. मुख्य प्रशिक्षकास वर्षभर घरीं बसविण्यांत आलें. खेळाडूंवरील बंदी मात्र पुढें उठली. त्या वर्षीं सेंट्सनीं ७ सामने जिंकले, ९ हरले, आणि बाद फेरी गांठली नाहीं.

मी खूष झालों. माझ्या फळ्यावरील गणितास एवढा मोठा पुरावा समुद्रापलीकडून आला होता. इतक्यांत माझ्या नातीनें विचारलें, “आणि थैली चालत होती तेव्हां?” विद्यार्थी जरा चांचरला. म्हणाला, “थैलीच्या पहिल्याच हंगामांत ते विजेते झाले.”

ओसरीवर कोणी बोललें नाहीं. विजेतेपद त्या थैलीमुळेंच मिळालें असें अर्थातच कोणास म्हणतां येणार नाहीं. चांगले खेळाडू होते, जिंकले. पण दांडगाई ही शेवटीं अंगाशीं येतेच, असा जो एक सुटसुटीत सिद्धांत मीं मांडला होता, तो तेथल्या तेथें ढांसळला. आणि खरें सांगावयाचें तर त्याचा खोटेपणा मला अमेरिकेवरून शिकण्याची आवश्यकता नव्हती. तो मला १९९६ सालापासून ठाऊक होता.

श्रोतेहो, ही गोष्ट मीं जाहीरपणें कधीं सांगितलेली नाहीं. त्या वर्षीं जानेवारींत आमच्या तालुक्यांतील शाळांचे कबड्डीचे सामने भरले होते. अंतिम सामना माझ्या शाळेचा आणि एका लहान गांवच्या शाळेचा. सरपंच म्हणून नेमलेले गृहस्थ एस. टी. चुकल्यामुळें आलेच नाहींत. खेळणाऱ्या शाळेच्या शिक्षकानें सरपंच होऊं नये, हें मला कळत होतें, आणि मीं तसें म्हटलेंहि. पण दुसऱ्या शाळेचे शिक्षक म्हणाले, “गुरुजी, आपण असाल तर आमची हरकत नाहीं.” या वाक्यानें मला किती बरें वाटलें होतें, तें आज आठवतें तेव्हां बरें वाटत नाहीं.

शेवटचें अर्धें मिनिट. आमची शाळा एका गुणानें पुढें. त्यांचा एक सडपातळ, काळासांवळा मुलगा चढाईस आला. त्याच्याइतका चपळ चढाईवाला मीं शाळेच्या सामन्यांत पुन्हां पाहिला नाहीं. त्यानें आमच्या दोघांना शिवलें आणि तो परतला. दोन गुण म्हणजे सामना त्यांचा. मध्यरेषेजवळ पोंचण्याच्या बेतांत असतांना आमचा उजव्या कोपऱ्याचा गडी, जो माझ्याच वर्गांतला, खालीं पडलेला होता, त्यानें पडल्यापडल्या आपल्या दोन्ही पायांची कात्री त्याच्या गुडघ्याभोंवतीं घातली आणि अंग पिळलें. मुलगा कोसळला. त्याचा हात रेषेपासून एका वितीवर राहिला.

मी दोन पावलांवर होतों. कात्री मला स्वच्छ दिसली. शिट्टी तोंडांत होती. नियम काय सांगतो तें मला झोपेंतहि म्हणतां आलें असतें: दोष पकडणाऱ्याचा, चढाईवाला बाद नाहीं. सभोंवतीं आमच्याच गांवचीं चारपांचशें माणसें उभीं होतीं, त्यांत माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप होते, आणि सरपंच साहेब व्यासपीठावर चषक घेऊन बसले होते; गांवचे सरपंच, मैदानाचा सरपंच मी. मीं शिट्टी फुंकली आणि हात वर करून चढाईवाला बाद दिला.

मुलगा रडला नाहीं. पाय सरळ होईना, म्हणून त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत गवतावर निजवून तालुक्याच्या गांवीं नेलें. त्यांच्या शिक्षकांनीं माझ्याशीं वाद घातला नाहीं. गुणपत्रकावर सही केली आणि ते ट्रॉलींत त्याच्या उशाशीं जाऊन बसले. पुढें कळलें कीं, तो पुन्हां खेळला नाहीं. पोलीसभरतींत उतरावयाचें त्याच्या मनांत होतें, तें अर्थातच राहिलें. चषक शाळेच्या कपाटांत होता. दर सव्वीस जानेवारीस मुलें तो चिंच लावून घांसत, आणि तो फार चकाकत असे.

आतां तोच मुलगा पंचेचाळिशीकडे झुकलेला गृहस्थ आहे. सोलापूर रस्त्यावर त्याचें टायर-पंक्चरचें दुकान आहे. चालतांना उजवा पाय किंचित् ओढतो. गेलीं पांच-सहा वर्षें तो आमच्या ओसरीवर सामने पाहावयास येतो. प्रथम आला तेव्हां मींच त्याला ओळखलें नाहीं. त्यानें आपली ओळख सांगितली, आणि मी पाणी आणावयाच्या मिषानें आंत गेलों. तो पलटणीच्या बाजूचा, पण ओरडत नाहीं. वाद रंगला म्हणजे भिंतीस टेंकून ऐकत राहतो. पकड बरोबर होती कीं नव्हती, हें मंडळी मला विचारतात. त्याला कोणी विचारीत नाहीं, आणि मीहि त्याच्याकडे न पाहतां उत्तर देतों.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं दिल्लींत अंतिम सामना झाला. दबंग दिल्ली ३१, पुणेरी पलटण २८. आणि दिल्लीच्या बाजूस कोण, तर आमचा तोच फझल अत्राचली! बँकवाले शेजारी त्याला पुन्हां रानटी म्हणूं लागले, औषधवाल्यांनीं त्यांना २०२२ सालची आठवण करून दिली, आणि दोघेहि चहा न घेतां उठले. मंडळी पांगलीं. मी त्याला सोडावयास फाटकापर्यंत गेलों. तीनच गुणांचा फरक, वगैरे कांहीं बोलत होतों. मग एकदम माझ्या तोंडून निघालें, “त्या दिवशीं ती कात्री मला दिसली होती.”

तो थांबला नाहीं. मोटारसायकलवरचें कापड काढून बैठक पुसूं लागला. म्हणाला, “ठावं हाय गुरुजी. तुमची शिट्टी तोंडात व्हती आन् डोळं माझ्या पायावर व्हतं. म्या पडल्या पडल्या तुमच्याकडंच बघत व्हतो.”

मला पुढें कांहीं सुचेना. त्यानेंच विचारलें, “तो कोपऱ्यातला पोरगा कुठं असतो आता?”

“पुण्याला. कंपनीची गाडी चालवितो.”

“हात लई मजबूत व्हता त्याचा,” तो म्हणाला. “कात्री नसती घातली तरी म्या त्याला घावलोच असतो.”

त्यानें गाडी सुरू केली आणि तो गेला. त्याच्या या म्हणण्याशीं मात्र मी सहमत नाहीं. त्याचा तोल पुढें होता, आमचा गडी पाठीवर पडलेला होता, आणि मध्यरेषा एका वितीवर होती.